‘गोदान’मधल्या कर्जाचा हिशेब कसा लावायचा? आणि प्रत कोणती घ्यायची?

पिंपळपान:

वाचनगटासाठी प्रेमचंदांचं ‘गोदान’ ठरलंय, सोबत सात-आठ कथा. सगळे हिंदीतूनच वाचणार आहेत. पण तीन ठिकाणी गाडं अडतंय.

पहिलं म्हणजे आकडे. होरी या शेतकऱ्याने सावकारी करणाऱ्या दातादीन पंडिताकडून ३० रुपये घेतले, तीन वर्षांत त्याचे १०० झाले. पुढे होरीचा मुलगा गोबर शहरातून परत येतो, खापरीच्या तुकड्याने जमिनीवर आकडेमोड करतो आणि ७० रुपये घ्या म्हणतो. व्याजाचा दर कोणता, सरळ की चक्रवाढ? आकडे सोडून पुढे गेलं तरी गोष्ट कळते, पण काहीतरी हातचं सुटतंय असं वाटतं.

दुसरं, दोघांकडच्या प्रतींत शहरातल्या मालती-मेहतांचा भाग जवळजवळ नाहीच, एकाकडे भरपूर आहे. तिसरं, कथा ‘मानसरोवर’ या आठ भागांच्या कथासंग्रहाच्या भाग १ पासून क्रमाने घ्याव्यात का?

खतावणी:

दर कादंबरीतच दिलेला आहे, पण दातादीनच्या वाक्यात नाही. सुरुवातीच्याच एका प्रकरणात, होरी मनाशी देण्यांची उजळणी करतो त्या परिच्छेदात, दुलारी सहुआइनचं नाव येतं. भावांच्या वाटणीच्या वेळी तिच्याकडून घेतलेल्या ४० चे सुमारे १०० झाले, कारण व्याज ‘आने रुपये’चं होतं. म्हणजे एका रुपयावर दरमहा एक आणा. रुपयाचे १६ आणे, तेव्हा महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला ७५.

हाच दर दातादीनच्या ३० रुपयांना लावा. वर्षाला साडेबावीस, तीन वर्षांत साडेसदुसष्ट, मुद्दल धरून साडेसत्त्याण्णव. प्रेमचंद ‘सौ’ म्हणतात ते इथून. व्याज सरळ आहे. वर्षाला चक्रवाढ धरली तर १६० च्या वर जाईल आणि मजकुराशी जुळणार नाही. दुलारीच्या ४० वर वर्षाला ३० चढतात, दोन वर्षांत १००.

गोबरचा हिशेब शेकडा एक रुपया दराचा आहे. तो वार्षिक धरला की दहा वर्षांचे ३ रुपये निघतात आणि लोक गोंधळतात. दर महिन्याचा आहे: वर्षाला १२ टक्के, ३० वर दहा वर्षांत ३६, मुद्दलासकट ६६. तो वर चार टाकून ७० देतो. जुन्या सावकारी दरांत ‘दरमहा’ हा शब्द बोललाच जात नाही, तो गृहीतच असतो. एवढं एक लक्षात ठेवलं तर प्रेमचंदांच्या निम्म्याअधिक ग्रामीण कथांतले आकडे उलगडतात.

गटाला एक काम द्या. वहीत चार रकाने: कोणाकडून, मुद्दल किती, आजचं देणं किती, कशासाठी. त्या सुरुवातीच्या प्रकरणाच्या नोंदी अशा होतील. मँगरू साह, बैलासाठी ६०. पाच वर्षांत ६० फेडले, तरी ६० तसेच. दातादीन, बटाट्याच्या लागवडीसाठी ३० (बटाटे चोरांनी उकरून नेले), देणं १००. दुलारी, ४० चे १००. लगानाची (जमिनीच्या खंडाची) बाकी २५. एकूण २८५. गाय अजून दारात आलेलीसुद्धा नाही. ती येते भोला गवळ्याकडून, ८० रुपयांना, तीही उधारीवर.

पुढे दोन जागी थांबा. ऊस विकून १२० रुपये मिळतात. गावचा सावकार झिंगुरीसिंह आपले सव्याज कापून घेतो, होरीच्या हाती २५ येतात आणि तेही जमीनदाराचा माणूस नोखेराम काढून घेतो. दुसरी जागा होळीतलं सोंग. दहा रुपयांचा कागद लिहून घेऊन ठाकूर पाचच हातावर ठेवतो: एक नजराण्याचा, एक तहरिरीचा (लिखाणाचा), एक कागदाचा, एक दस्तुरीचा (दलालीचा), एक व्याजाचा. मग शेतकरी उरलेले पाचही परत करतो, चार रुपये ठकुराइनींच्या नजराण्याला आणि पानाला, आणि शेवटचा ठाकुराच्याच क्रियाकर्माला. लोक हसतात आणि पान उलटतात. पण हातात ५ आणि व्याज १० वर, म्हणजे आणा-रुपया दर खऱ्या अर्थाने वर्षाला दीडशे टक्के झाला. ते सोंग म्हणजे आख्ख्या गावाच्या कर्जव्यवहाराचा नकाशा आहे.

शिकस्ता:

प्रतींबद्दल. प्रेमचंद ८ ऑक्टोबर १९३६ ला गेले. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतर ५० वर्षं, म्हणजे १९८६ अखेरीपर्यंत हक्क होते. १९८७ पासून मूळ लेखन सर्वांसाठी खुलं झालं आणि ज्याला त्याला छापता येऊ लागलं. त्यामुळे बाजारात चांगल्या प्रतींच्या शेजारी कापलेल्या, घाईत टाइप केलेल्या प्रतीही पडलेल्या असतात. विद्यार्थ्यांसाठीच्या संक्षिप्त आवृत्त्या आहेतच, आणि त्यांची कात्री नेहमी शहराच्या भागावर चालते. कारण सरळ आहे: होरीची गोष्ट सलग लागते, मालती-मेहता काढले तरी ती तुटत नाही.

पण तो भाग काढला तर रायसाहेब नुसते गावचे जमीनदार उरतात. शहरात तेच रायसाहेब कर्जात बुडालेले, खन्नांच्या दारात उभे दिसतात. आणि खन्ना बँक चालवतात, साखर कारखाना चालवतात. होरीचा ऊस जातो तो त्या कारखान्यात. संक्षिप्त प्रतीत ही साखळीच दिसत नाही.

विकत घेण्याआधी तीन खुणा तपासा. शिकारीचा लांबलचक प्रसंग आहे का? मेहतांचं स्त्रियांच्या सभेतलं भाषण आहे का? मिर्झा खुर्शेद शहरात कबड्डीचा सामना भरवतात तो आहे का? तिन्ही असतील तर प्रत बहुधा पूर्ण आहे. मुखपृष्ठावर ‘संपूर्ण’ लिहिलंय यावर विसंबू नका. आणि गटात पानांचे आकडे सांगू नका, प्रसंग सांगा, नाहीतर प्रत्येक बैठकीची पहिली पंधरा मिनिटं पान शोधण्यात जातील.

उर्दूचा प्रश्न कोणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगतो. ‘गोदान’ हिंदीत आधी आलं, १९३६ मध्ये. उर्दू ‘गऊदान’ त्यांच्या मृत्यूनंतरचं. म्हणून इथे हिंदी पाठच प्रमाण धरा. सगळीकडे मात्र असं नाही. ‘सेवासदन’ उर्दूत ‘बाज़ारे हुस्न’ म्हणून आधी लिहिलं गेलं, पण छापून हिंदी आधी आलं. ‘कफन’ प्रथम उर्दूत, ‘जामिया’ मासिकाच्या डिसेंबर १९३५ च्या अंकात. हिंदी ‘चाँद’मध्ये एप्रिल १९३६ ला. दोन्ही पाठ त्यांचेच असले तरी ते शब्दशः सारखे नसतात. दुसऱ्या लिपीत नेताना ते पुन्हा लिहीत. कुणी उर्दू वाचणारं गटात असेल तर राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचे ‘कुल्लियाते प्रेमचंद’चे २४ खंड आहेत, मदन गोपाल यांनी संपादित केलेले.

‘मानसरोवर’ क्रमाने वाचू नका. पहिले दोनच भाग त्यांच्या हयातीतले, बाकीचे नंतर जुळवलेले, आणि रचना कालानुक्रमाने नाही. भाग १ मध्ये ‘ईदगाह’, ‘पूस की रात’, ‘ठाकुर का कुआँ’ अशा १९३० पासूनच्या कथा भेटतात. ‘बड़े घर की बेटी’ (१९१०) आणि ‘पंच परमेश्वर’ (१९१६) भाग ७ मध्ये. ‘नमक का दारोगा’ भाग ८ मध्ये. भाग १ पासून निघालेला वाचक प्रौढ लेखकाकडून सुरुवातीच्या लेखकाकडे उलटा चालत जातो आणि मग म्हणतो, हे तर उपदेश करायला लागले! शिवाय ‘कफन’ मूळ आठ भागांत नाहीच, ती स्वतंत्र संग्रहात आली. ‘सोज़े वतन’ (१९०८) या जप्त झालेल्या पुस्तकातल्या कथा प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांनी जमवलेल्या ‘गुप्तधन’च्या दोन भागांत सापडतील. क्रमच हवा असेल तर साहित्य अकादमीची सहा खंडांची ‘प्रेमचंद कहानी रचनावली’, संपादक कमल किशोर गोयनका. ग्रंथालयातून मागवा.

बांधावरचा:

खतावणींचं गणित चोख आहे. पण चार रकान्यांच्या त्या वहीने होरी सावकारांमुळे बुडाला असं ठसेल, आणि ते अर्धंच खरं आहे. त्याला सगळ्यात मोठा एकरकमी फटका देते ती बिरादरी, म्हणजे जातभाई आणि त्यांची पंचायत.

गोबर भोलाच्या मुलीला, झुनियाला, दारात सोडून पळतो. होरी आणि त्याची बायको धनिया त्या गरोदर पोरीला घरात घेतात. पंचायत दंड ठोठावते: १०० रुपये रोख आणि ३० मण धान्य. मण म्हणजे ४० शेर, आजच्या मापात ३७ किलोंहून थोडा जास्त. म्हणजे ३० मण हे अकरा क्विंटलांच्या वर गेलं. खळ्यावरचं धान्य होरी स्वतः टोपलीने वाहून झिंगुरीसिंहाच्या घरी नेऊन टाकतो. रोख दंडासाठी घर त्याच झिंगुरीसिंहाकडे ८० रुपयांना गहाण पडतं. आणि पंच कोण? दातादीन, झिंगुरीसिंह, पटेश्वरी, नोखेराम. म्हणजे कर्ज देणारे आणि दंड करणारे तेच. होरीला हे कळत नाही असं नाही. पण बिरादरीच्या बाहेर जगणं त्याच्या कल्पनेतच बसत नाही. हीराने गाईला विष घातलं हे त्याला ठाऊक आहे. तरी भावाच्या घराची झडती होऊ नये म्हणून दारोग्याला द्यायला तो कर्ज काढायला निघतो. धनिया ते पैसे सगळ्यांसमोर उधळून लावते म्हणून वाचतो.

म्हणून वहीत पाचवा रकाना करा: नाही म्हणता आलं असतं का? गोबरच्या ७० रुपयांचा प्रसंग तिथेच उलगडतो. दातादीन २०० वर अडलेला. गोबर ऐकत नाही म्हटल्यावर तो चिडून म्हणतो, हे सत्तरही सोडले, ब्राह्मणाचे पैसे पचवून सुखाने जगून दाखव. कायद्याने, हिशेबाने होरी सुटलेला असतो. आणि तोच धावत जाऊन पाय धरतो, पै न् पै फेडेन म्हणतो. इथे व्याजाचा दर काय उपयोगाचा?

जमिनीबद्दल गटात हमखास गैरसमज होतो. सेमरी आणि बेलारी ही अवधमधली गावं. होरीकडे पाच बिघे जमीन आहे म्हणजे ती त्याच्या मालकीची आहे असं नव्हे, तो रायसाहेबांचं कूळ आहे. १९२१ च्या दुरुस्तीने अवधच्या कुळांना हयातभराचा हक्क मिळाला, पण लगान थकला की बेदखली होतीच. आणि लगान भरला हे सिद्ध करायला पावती हवी. नोखेराम पैसे घेतो, पावती देत नाही, मग तोच लगान पुन्हा मागतो. हा तपशील दोन ओळींत येऊन जातो. तिथे वाचन थांबवा. कारिंदा म्हणजे जमीनदाराचा वसुली माणूस, पटवारी म्हणजे सरकारी नोंदीचा माणूस. नोखेराम पहिला, पटेश्वरी दुसरा. हे दोघे एकच धरले की पुढचा संघर्ष समजत नाही. वरून रायसाहेबांच्या धनुषयज्ञाच्या नाटकासाठी शगुनाची (भेटीच्या पैशांची) अपेक्षा, होरीच्या गावाकडून ५०० रुपयांची.

लेखनाचा काळही ध्यानात घ्या. १९३० च्या सुमारास मंदीत धान्याचे भाव कोसळले होते, लगान मात्र रोखीत ठरलेला. तेवढेच रुपये भरायला जास्त धान्य विकावं लागे. रोखीसाठी सावकार हे त्याचं सरळ फलित.

पिंपळपान:

वा, पाचवा रकाना घेतला. अजून दोन शंका. सुरुवातीच्या प्रकरणात दातादीनचं कर्ज बटाट्यांसाठी आणि तीन वर्षांपूर्वीचं. गोबरच्या प्रसंगात तेच ३० बैलासाठी घेतलेले आणि होरी आठ-नऊ वर्षं म्हणतो. मधल्या काळात तर एवढी वर्षं गेलेली नाहीत. प्रत चुकीची आहे का? दुसरं, ‘कफन’ने सुरुवात करावी असा काहींचा आग्रह आहे. छोटी आहे, प्रसिद्ध आहे.

खतावणी:

प्रत बरोबर आहे. ही विसंगती कादंबरीतलीच, आणि ती लेखकाची नजरचूकच मानावी. वेगळं कर्ज समजायला मजकुरात आधार नाही. गंमत अशी की दर तरीही शाबूत राहतो: आणा-रुपयाने ३० चे आठ वर्षांत २१०, आणि दातादीन २०० च मागतो. वर्षं घसरली, गणित नाही.

तळटीप:

‘कफन’ सगळ्यात शेवटी ठेवा. ‘गोदान’च्याही नंतर.

कारण असं. ‘नमक का दारोगा’त मिठाच्या खात्यातला दारोगा वंशीधर हा श्रीमंत पंडित अलोपीदीनची लाच नाकारतो, बोली हजारावरून चाळीस हजारांवर गेली तरी. नोकरी जाते, आणि शेवटी तोच अलोपीदीन त्याला वर्षाला सहा हजारांवर व्यवस्थापक नेमतो. सचोटीला बक्षीस मिळतं. ‘पंच परमेश्वर’मध्येही खुर्चीवर बसलं की माणूस शहाणा होतो. ‘प्रेमाश्रम’ (१९२२) मध्ये जमीनदाराचंच मन पालटून गाव सुखी होतं. हा प्रेमचंदांचा आदर्शाकडे झुकणारा वास्तववाद; तो आधी पाहिला नाही तर ‘गोदान’मध्ये त्यांनी काय काय टाकून दिलं ते कळणार नाही. आणि ‘कफन’मध्ये तर होरीची मर्यादासुद्धा टाकली. घीसू-माधव या बापलेकांना माधवच्या मेलेल्या बायकोच्या, बुधियाच्या, कफनासाठी लोक पाच रुपये जमवून देतात, त्यात जमीनदाराचे दोन; आणि ते पुऱ्या, कलेजी, दारू यांत जातात. इतकी वर्षं राबून होरीला काय मिळालं हे माहीत असलेल्या वाचकाला ते दोघे का राबत नाहीत हा प्रश्न वेगळाच ऐकू येतो. ‘कफन’ आधी वाचली तर दोन आळशी माणसांची विकृत गोष्ट एवढंच उरतं.

या कथेवर दलित लेखकांनी घेतलेला आक्षेप चर्चेत आणाच. घीसू-माधव चमार असल्याचं कथा ठळकपणे सांगते, आणि बुधिया आत विव्हळत असताना बाहेर बसून भाजलेले बटाटे खाणारे ते दोघे. ओमप्रकाश वाल्मीकींनी या चित्रणाला हरकत घेतली होती. २००४ मध्ये दिल्लीत ‘रंगभूमी’च्या प्रती जाळल्या गेल्या, तोही वाद नायक सूरदासच्या जातीच्या उल्लेखावरूनच. हरकत मोडीत काढायची घाई करू नका. तिच्या शेजारी ‘सद्गति’ आणि ‘ठाकुर का कुआँ’ ठेवा. ‘सद्गति’त दुखी उपाशीपोटी पंडित घासीरामच्या दारात लाकडाची गाठ फोडता फोडता मरतो, आणि तिथे लेखकाची नजर कुठे आहे याबद्दल तिळभर शंका राहत नाही. मग ‘कफन’मध्ये ती नजर हलली का, यावर वाद घाला. माझ्या मते कथेचा रोख गावावर आहे, जे जिवंतपणी बुधियाला औषध देत नाही आणि मेल्यावर कापडाला पैसे देतं. पण जातीचं नाव तिथे नसतं तर कथेचं काही बिघडलं नसतं, हेही खरं.

क्रम असा लावा: ‘नमक का दारोगा’, ‘पंच परमेश्वर’, ‘सवा सेर गेहूँ’, ‘पूस की रात’, ‘सद्गति’ आणि ‘ठाकुर का कुआँ’ एकाच बैठकीत (दुसरी जेमतेम तीन-चार पानांची), ‘ईदगाह’, मग ‘गोदान’ निदान तीन बैठका, शेवटी ‘कफन’. जमलं तर एप्रिल १९३६ चं लखनौचं प्रगतिशील लेखक संघातलं अध्यक्षीय भाषण, ‘साहित्य का उद्देश्य’, ‘कफन’च्याच दिवशी वाचा. सौंदर्याची कसोटी बदलायला हवी असं ते तिथे म्हणतात. भाषण आणि ‘कफन’चा हिंदी पाठ, दोन्ही एकाच महिन्यातले.

सत्यजित राय यांचा ‘सद्गति’ (१९८१, ओम पुरी, स्मिता पाटील) कथा वाचून झाल्यावरच दाखवा. ‘शतरंज के खिलाड़ी’ घेणार असाल तर तिथे आणखी सांभाळून: कथेत मिर्झा आणि मीर एकमेकांवर तलवार चालवून मरतात, सिनेमात दोघेही जिवंत राहून पुन्हा पट मांडतात. सिनेमा पाहून आलेला माणूस बैठकीत कथेचा शेवट छातीठोकपणे चुकीचा सांगतो.

खतावणी:

तळटीपांच्या यादीत ‘सवा सेर गेहूँ’ आहे म्हणून त्याचाही हिशेब देऊन ठेवतो, ‘गोदान’च्या आधी सराव होईल. शंकर हा शेतकरी साधूला जेवू घालायला गावच्या ब्राह्मणाकडून, विप्रजींकडून, सव्वा शेर गहू घेतो, म्हणजे २० छटाक, सव्वा किलोपेक्षा थोडे कमीच. सात वर्षांनी विप्रजी साडेपाच मण मागतात. साडेपाच मण म्हणजे २२० शेर. भागिले सव्वा, १७६ पट. दरवर्षी दुपटीहून जरा जास्त वाढ धरली तर सात वर्षांत हा आकडा येतो, म्हणजे हा व्यवहार सरळव्याजाचा नाही. ‘गोदान’च्या रकान्यांत हा बसवू नका. शंकर मधे खळ्यावर विप्रजींना नेहमीच्या वाट्याहून जादा धान्य देतो आणि समजतो की फिटलं. तोंडी फिटलेलं वहीतून उतरत नाही. पुढे गव्हाचे ६० रुपये ठरून कागद होतो, तो राबून ६० जमवतो, तर व्याजाचे १५ बाकी निघतात, आणि तिथे त्याचा धीर सुटतो. २० वर्षं वेठीला राहून मरतो तेव्हा डोक्यावर १२० असतात, ते मुलाच्या मानगुटीवर बसतात.

नाण्यांचं कोष्टक गटाच्या पहिल्या पानावर लिहा: रुपया १६ आणे, आणा ४ पैसे, पैसा ३ पै. रुपयाचे ६४ पैसे, १०० नाहीत. ‘ईदगाह’मधल्या हामिदच्या तीन पैशांना आजच्या नाण्यांच्या नजरेने ‘तीन टक्के रुपया’ म्हणणारे भेटतात. ते पाऊण आणा आहेत. आणि ‘गोदान’च्या अखेरीस होरी खडी फोडायला जातो तो ८ आणे रोजावर. त्या मापाने भोलाच्या गाईचे ८० रुपये म्हणजे १६० दिवसांची मजुरी, आणि शेवटी धनिया सुतळी विकून आलेले २० आणे आणते ते अडीच दिवसांची. होरीने मुलीच्या, रूपाच्या, लग्नाच्या वेळी घेतलेले २०० याच मापाने मोजा. ४०० दिवस होतात. बेदखली टाळायला तेच लागले होते, तीन वर्षांचा लगान थकला होता.

पिंपळपान:

कोष्टक उतरवून घेतलं. पहिल्या बैठकीला ‘नमक का दारोगा’ आणि ‘पंच परमेश्वर’ ठरवते, संक्षिप्त प्रतीवाल्या दोघांना आजच कळवते. दुसऱ्या बैठकीनंतर अडलं तर इथेच विचारेन.